मेजर आत आहेत

सातारा जिल्ह्यात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. कागदावर तो शिपाई असो, नाईक असो की हवालदार. एसटीचा कंडक्टर त्याला मेजर म्हणतो, विकास सोसायटीचा सचिव मेजर म्हणतो आणि स्टँडवरचा चहावाला 'मेजर, साखर कमी ना?' असं विचारत कप पुढे सरकवतो. सैन्यात जी बढती उभ्या आयुष्यात मिळत नाही ती आमच्याकडे एका कटिंगमध्ये मिळते. अपशिंग्याच्या तर नावापुढेच 'मिलिटरी' लागलेलं आहे. तिथे मेजर नसलेला माणूस हवा असेल तर पाव्हणाच गाठावा लागेल.

आमचे आप्पा, म्हणजे माझे धाकटे चुलते, हे असेच मेजर. प्रत्यक्षात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे हवालदार. मिसरूड फुटतंय न फुटतंय तोच बेळगावच्या सेंटरला भरती झाले आणि चाळिशी गाठायच्या आत पेन्शन घेऊन घरी आले. जवानाला पंधरा वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन बसते. त्यामुळे आमच्या भागात पेन्शनर म्हटलं की काठी टेकत बँकेत आलेला म्हातारा डोळ्यांपुढे येत नाही. पहाटे धावून आलेला, दंड भरलेला, पोरं अजून सातवी-आठवीत असलेला गडी येतो. या गड्याचं करायचं काय, हा प्रश्न सरकारला आणि बायकोला एकाच वेळी पडतो. बायकोला जरा आधीच पडतो. वर्षाकाठी दोन महिने दिसणारा नवरा आता रोज दिसायला लागतो आणि फडताळातले डबे उंचीप्रमाणे का लावलेले नाहीत असं विचारायला लागतो. आप्पांनी घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात गोठ्यातल्या सगळ्या म्हशींची तोंडं एका दिशेला केली. दुसऱ्या आठवड्यापासून काकी पेपरातल्या नोकरीच्या जाहिराती वाचू लागल्या.

नोकऱ्या नव्हत्या असं नाही. बँकेच्या दारात दुनळी घेऊन बसायचं, साखर कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाड्या मोजायच्या, टोलनाक्यावर शिव्या खायच्या. शिवाय राज्य सरकारच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांसाठी राखून ठेवलेल्या १५ टक्के जागा. त्यातलीच कारागृह शिपायाची जाहिरात निघाली. वयाची सवलत होतीच. धावण्याच्या चाचणीत आप्पांनी विशीतल्या पोरांना मागे टाकलं आणि एका सकाळी तीच जुनी काळी ट्रंक घेऊन पुन्हा घर सोडलं. गावात बातमी फिरली ती अशी : मेजर आत गेले.

पुढे कैक वर्षं आमच्या घरी हा संवाद चालायचा. कुणीतरी यायचं, 'मेजर आहेत का?' काकी सांगायच्या, 'आत आहेत.' माणूस ओट्यावर टेकायचा आणि वाट बघत बसायचा. चहा झाल्यावर त्याला कळायचं की मेजर ज्या आत आहेत ते आत शंभर मैलांवर आहे. हळदीकुंकवाला आलेल्या एका परगावच्या बाईंनी तर गालावर हात ठेवून विचारलं होतं, 'अगं बाई, किती वर्षांची झाली?' काकी शांतपणे म्हणाल्या, 'रिटायर होईपर्यंतची.'

आता गंमत बघा. कारागृहातही शिपाई, हवालदार, सुभेदार अशीच चढण असते. फौजेत हवालदारीपर्यंत चढलेले आप्पा इथे पुन्हा शिपाई झाले. 'एकच जिना दोनदा चढलो, म्हणून गुडघे गेले,' असं ते अजून म्हणतात. येरवड्याच्या दौलतराव जाधव प्रशिक्षण महाविद्यालयात त्यांना पुन्हा 'दहिने मूड' शिकवायला एक तरुण उस्ताद होता. आप्पा मुकाट्याने वळले. पण उस्तादाचाच पाय चुकला तेव्हा त्यांच्या तोंडून नकळत 'जैसे थे' निघून गेलं, आणि अख्खी पलटण, उस्तादासकट, जागच्या जागी परत आली. त्यानंतर आप्पांना कवायतीतून जरा सूट मिळाली आणि ती वेळ पुस्तकात घालवायची आज्ञा झाली.

पुस्तक म्हणजे कायदा. आपल्याकडचे तुरुंग कित्येक दशकं १८९४ च्या कायद्यावर चालले. डोळे बांधून मशीनगन खोलून जोडणाऱ्या माणसाला कलमं पाठ करताना घाम फुटला. त्याहून मोठा धक्का पुढे होता. सिनेमा बघून आपली समजूत असते की तुरुंग बंदुकीवर चालतो. तुरुंग वहीवर चालतो. गेटवरची वही, मोजणीची वही, झडतीची वही, मुलाखतीची वही, दवाखान्याची वही. आत येणाऱ्या भाजीच्या जुडीचीही नोंद होते आणि बाहेर जाणाऱ्या रिकाम्या पोत्याचीही. आप्पांचं अक्षर शाळेत असताना जितकं वाईट होतं त्याच्या निम्मंही आता राहिलेलं नाही. ही सुधारणा पूर्णपणे कारागृह विभागाची.

आणि बंदूक? ती टॉवरवर आणि बाहेरच्या पहाऱ्याला. आत, शेकडो माणसांच्या आवारात, शिपायाच्या हातात काठी आणि शिट्टी. कारण उघड आहे : आत नेलेलं हत्यार कुणाच्या हातात राहील याची खात्री नाही. आप्पांनी पहिल्या दिवशी कमरेला हात लावला आणि तिथे नुसता पट्टा होता. 'पूंछला गडी दिसायचा न्हाई आन् हातात रायफल,' ते सांगतात. 'इथं समदे गडी समोर, आन् हातात शिट्टी.' मुख्य दरवाजाला एकामागे एक दोन दारं असतात आणि एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. त्यातल्या दिंडीतून वाकूनच जावं लागतं. ज्याला वाकायची सवय नाही असा कुणी मोठा साहेब पाहणीला आला, की त्याची टोपी पहिल्या दारात पडते हे गेटवरच्या सगळ्यांना ठाऊक असतं. पण सांगत कुणी नाही.

तेव्हा शस्त्र म्हणून उरते ती जीभ. आप्पांच्या वरच्या सुभेदारांनी, जे आयुष्यभर तुरुंगातच वाढलेले होते, त्यांना पहिल्याच आठवड्यात बाजूला घेऊन सांगितलं, 'हवालदारसाहेब, तुमचा आवाज परेडचा आहे. तो घरी ठेवून या.' फौजेत ओरडणं हे व्याकरण आहे. तुरुंगात आवाज चढला की चार बरॅकींना कळतं की हा माणूस घाबरलाय. आप्पा हळू बोलायला शिकले. इतकं हळू, की सुट्टीत घरी आल्यावर त्यांनी 'पाणी दे गं' म्हटलेलं काकींना ऐकू जाईना. कान तपासायला दोघंही कराडला जाऊन आली आणि दोघांचेही कान उत्तम निघाले.

पण कारागृहातली खरी देवता म्हणजे मोजणी. पहाटे बरॅकी उघडताना मोजायचं, दुपारी मोजायचं, दिवस मावळायच्या आत बंदी करताना मोजायचं. कोर्टात गेलेले किती, दवाखान्यात किती, बाहेरच्या कामाला गेलेले परत आलेले किती, आज नवे आलेले किती, सुटलेले किती. सगळं मिळून बेरीज जुळली पाहिजे. जुळेपर्यंत कुणी घरी जात नाही, अधीक्षकसुद्धा नाही. एका पावसाळी संध्याकाळी बेरीज आठाने कमी आली. एक माणूस कमी आला तर तो पायखान्यात असू शकतो. आठ म्हणजे पळून गेलेली टोळी. पुन्हा मोजलं, आठ कमी. तिसऱ्यांदा मोजलं, आठ कमी. पगली घंटीच्या दोरीजवळ शिपाई जाऊन उभा राहिला. ती घंटी वाजली की अंघोळीच्या साबणासकट सगळे धावत येतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात नाव येतं. आप्पांनी तेवढ्यात दवाखाना बरॅकची वही मागवली. ती उजेडात धरली. मग तिरकी धरली. तिथे ६९ लिहिलं होतं आणि बेरीज करणाऱ्याने ते ६१ वाचलं होतं. लिहिणाऱ्याने नवाचं पोट फारच बारीक काढलं होतं आणि आठ माणसं त्या पोटात गेली होती. त्या रात्रीपासून आप्पा एक आणि नऊ हे आकडे असे काढतात की पोस्टातली मुलगी ते बघून हसते.

मोजणीच्या जोडीला गज वाजवणं. बंदीच्या आधी प्रत्येक खिडकीचा, प्रत्येक दाराचा गज काठीने ठोकून बघायचा. धड गज खणखणतो. कुणी आतून पात्याने कापत आणला असेल तर त्याचा आवाज बसलेला येतो. शेकडो गज, रोज. काही वर्षांनी कानाला अशी सवय होते की माणूस वाजवत नाही, ऐकत चालत राहतो. मी पुण्यात फ्लॅट घ्यायला निघालो तेव्हा आप्पांना बरोबर नेलं होतं. त्यांनी हॉलकडे बघितलं नाही, किचनकडे बघितलं नाही. छत्रीच्या टोकाने एकेका खिडकीचं ग्रिल वाजवत गेले. बेडरूमच्या खिडकीशी थांबले, पुन्हा ठोकलं आणि म्हणाले, 'ह्यो पोकळ हाय.' बिल्डरच्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याने मला हळूच विचारलं, 'साहेब स्ट्रक्चरल इंजिनीअर आहेत का?' मी म्हटलं, त्याच लायनीतले आहेत. ग्रिल बदलून मिळालं.

घरी या सगळ्याचा त्रास व्हायचा तो झालाच. दिवेलागणीला आप्पा दाराशी उभे राहून आम्हाला आत घेत आणि ओठ हलवत. पाचावर थांबले की काकी माजघरातून ओरडत, 'सहा, सहा! बाळ पाळण्यात हाय!' लग्नाच्या पंगतीत ते दाराकडे पाठ करून बसत नाहीत. त्यामुळे दोन्हीकडच्या मानकऱ्यांच्या जागा बदलाव्या लागतात. कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघतात, आणि तिसऱ्यांदा ओढल्यावर कुलपाकडे असं बघतात की कुलपालाच संशय यावा. एवढं मात्र कबूल केलं पाहिजे, की आमच्या भाऊबंदांत गणपतीला कुणाच्या चपला बदलून गेल्या नाहीत त्या फक्त आप्पांच्याच घरी.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल की फौजी माणूस तुरुंगाला बरा, कारण तो कडक. सरकारलाही बहुधा तसंच वाटत असावं. माझं मत निराळं आहे. फौजी तिथे उपयोगी पडतो तो कडक म्हणून नव्हे. त्याने उमेदीची वीस वर्षं बरॅकीत काढलेली असतात म्हणून. सांगितलेल्या वेळी उठायचं, मिळेल ते ताटात घ्यायचं, घोंगडीची घडी दुसऱ्याच्या मापाने घालायची, ट्रंक उघडून दाखवायची, आणि घरून पत्र आलं नाही तर कुणाला सांगायचं नाही. आणि मुख्य म्हणजे रजेची वाट बघायची.

रजा हा खरा धागा आहे. शिक्षा झालेल्या बंद्याला संचित रजा मिळते, तिला आत सगळे फर्लो म्हणतात. आणि घरात मरण, आजारपण, लग्न असं काही असेल तर अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. त्याचे नियम १९५९ पासूनचे. अर्ज, जामीनदार, पोलिसांचा अहवाल. कागद गावाकडे जातो आणि गावाकडून परत यायला त्याला त्याची अशी एक चाल असते. अर्ज लिहून घ्यायला बंदी आप्पांकडे यायचे. आप्पांनी पलटणीत स्वतःचे आणि दुसऱ्यांचे एवढे रजेचे अर्ज लिहिलेले होते की 'आई अत्यवस्थ' हे शब्द त्यांच्या हाताला पाठ होते. आणि म्हणूनच त्यांना फसवणंही अवघड होतं. 'आमच्या कंपनीत एकाची आजी तीनदा वारली व्हती,' ते सांगत, 'तिसऱ्या बारीला मीच तिच्या दहाव्याचं सामान लिवून दिलं.' त्यामुळे एखादा बंदी आजीचं कारण घेऊन आला की आप्पा पहिला प्रश्न विचारत, 'आईची आई की बापाची?' दोन्ही संपल्या असतील तर तो हसायचा आणि खरं कारण सांगायचा. खरं कारण बहुधा जास्त वाईट असायचं. आणि ते आप्पा व्यवस्थित लिहायचे.

'तुरुंगातला शिपाई हाही एक कैदीच' असं म्हणायची लेखकांत फॅशन आहे. मीही एकदा आप्पांपुढे ते वाक्य टाकून बघितलं. त्यांनी माझ्याकडे कुलपाकडे बघतात तसं बघितलं. 'मी संध्याकाळी क्वार्टरला येऊन गरम भाकरी खातो. त्यो खात न्हाई,' ते म्हणाले. 'एवढाच फरक हाय, पन त्यो लई हाय.'

एक गोष्ट मात्र ते फारशी सांगत नाहीत. मला काकींकडून कळली. नव्या आलेल्यांच्या रांगेत एक माणूस उभा होता. बाकीचे कसेही उभे, हा मात्र टाचा जुळवून, अंगठे शिवणीला लावून. आप्पा समोर आले तेव्हा त्याच्या तोंडून 'जय हिंद, साब' निघून गेलं. रजेवर आलेला जवान, बांधावरून झालेली भांडणं, कुऱ्हाड. आमच्या बाजूला अशा गोष्टी होतात. आप्पांनी त्याची नोंद केली, उंची लिहिली, अंगावरच्या खुणा लिहिल्या आणि पलटणीचं नाव विचारलं. ते वहीत लिहायला रकाना नव्हता. त्या रात्री ते जेवले नाहीत, एवढंच काकी सांगतात.

या माणसामुळेच मला पुढे अलेक्झांडर मॅकोनोकी वाचताना आप्पांची आठवण झाली असावी. मॅकोनोकी हा स्कॉटलंडचा, ब्रिटिश आरमारातला अधिकारी. १८११ च्या नाताळात त्याचं 'ग्रासहॉपर' जहाज डच किनाऱ्यावर शत्रूच्या हाती पडलं आणि तो फ्रेंचांच्या कैदेत व्हर्दांला १८१४ पर्यंत राहिला. पुढे तो लंडनला भूगोलाचा प्राध्यापक झाला, आणि मग १८४० साली त्याला ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला भर समुद्रात असलेल्या नॉरफोक बेटावर तुरुंगाचा प्रमुख म्हणून पाठवलं. हे बेट म्हणजे शिक्षेतली शिक्षा. इंग्लंडातून काळ्या पाण्यावर आलेल्याने तिथेही गुन्हा केला की त्याला इथे आणायचे. चाबूक, बेड्या आणि फाशी एवढीच व्यवस्था. मॅकोनोकीने काय करावं? मार्चमध्ये बेटावर उतरला आणि मे महिन्यात राणी व्हिक्टोरियाचा वाढदिवस आला. चोवीस तारखेला रविवार होता, म्हणून २५ मे रोजी त्याने तुरुंगाची दारं उघडली, तोफांची सलामी दिली, कैद्यांना ताज्या डुकराच्या मांसाचं जेवण घातलं आणि राणीच्या नावाने लिंबाच्या सरबतात रम घालून प्यायला दिली. कैद्यांनी नाटक केलं. रात्री दारूकाम झालं.

मी ही गोष्ट आप्पांना सांगितली तेव्हा ते ओट्यावर शेंगा फोडत होते. रमपाशी त्यांनी मान वर केली. 'कँटीनची?' मी म्हटलं, त्यांच्या आरमाराची असणार. मग नाटक, दारूकाम. आप्पा ऐकत होते. गोष्ट संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

'संध्याकाळची मोजणी जुळली का?'

जुळली होती. बिगूल वाजल्यावर सगळे आपापल्या जागी परत गेले होते.

'मग झालं तर,' म्हणाले, आणि पुढची शेंग फोडली.

सिडनीच्या वर्तमानपत्रांना ते एवढं सहज पचलं नाही. गुन्हेगारांना रम पाजली म्हणून त्यांनी राळ उडवली. मॅकोनोकीचं म्हणणं असं होतं की शिक्षा वर्षांत मोजू नका, कामात मोजा. माणसाने कष्टाने आणि वागणुकीने गुण मिळवावेत, त्यातून आपलं बरं जेवण घ्यावं, चुकला तर गुण कापा, आणि ठरलेले गुण साठले की सोडा. सुटकेची किल्ली ज्याच्या स्वतःच्या हातात असते तो ती कुलपाला बसवायला शिकतोच, असा त्याचा भरवसा. आपल्याकडे चांगल्या वागणुकीसाठी शिक्षेत जी माफी मिळते, तिच्या पूर्वजांत या दर्यावर्दीची गणना होते.

त्याच्याकडे चार्ल्स अँडरसन नावाचा कैदी होता. हाही आरमारातला, १८२७ च्या नॅव्हारिनोच्या लढाईत डोक्याला मार बसलेला. तेव्हापासून दारू चढली की भान राहायचं नाही. सिडनीच्या बंदरातल्या गोट आयलंडवर त्याला खडकाला साखळीने बांधून ठेवलं होतं आणि लोक होड्यांतून जाऊन त्याला पावाचे तुकडे फेकायचे. मॅकोनोकीने त्याला आधी बैलं सांभाळायला दिली. अट एकच, त्याला कुणी छेडायचं नाही. बैल आणि तो, दोघांचं जमलं. मग त्याला माउंट पिटवरच्या संकेतस्तंभावर नेमलं; खलाशाचा पोशाख दिला, बावटे दिले. एखादं जहाज दिसलं की बेटाला कळवणारा माणूस तो. आप्पा यावर काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, 'डूटी दिली त्यानं त्याला.'

चार वर्षांत मॅकोनोकीला परत बोलावलं. पुढे १८४९ मध्ये बर्मिंगहॅमचा तुरुंग त्याच्याकडे आला, तिथूनही दोन वर्षांत काढलं; कारण तेच, फार मऊ. त्याच्या जागी त्याचाच हाताखालचा लेफ्टनंट ऑस्टिन आला. हाही आरमारातलाच, हे ध्यानात घ्या. तोच दर्या, तीच शिस्त. त्याच्या राज्यात १८५३ साली एडवर्ड अँड्र्यूज नावाच्या पंधरा वर्षांच्या पोराने छळाला कंटाळून गळफास घेतला, चौकशी आयोग बसला, आणि शेवटी ऑस्टिनसाहेबांनाच तुरुंगवासाची शिक्षा झाली. तेव्हा नुसती वर्दी घालून आलेला माणूस तुरुंगाला बरा, असं कुणी सांगू लागलं तर त्याला हे एक नाव ऐकवावं.

आपल्याकडे तर इंग्रजी अमदानीत मध्यवर्ती तुरुंगांवर सर्रास लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर अधीक्षक असत. १९३० साली गांधीजी येरवड्यात होते तेव्हा तिथे मेजर मार्टिन होते. आमच्या स्टँडवरचे नव्हेत, खरेखुरे मेजर. त्याआधी १९२४ च्या जानेवारीत गांधीजींचं आंत्रपुच्छ काढलं तेही ससूनच्या कर्नल मॅडॉक यांनी, आणि ऐन शस्त्रक्रियेत वीज गेल्यावर कंदिलाच्या उजेडात. आप्पांना येरवड्यातला तो आंबा माहीत आहे जिथे १९३२ चा पुणे करार झाल्याचं सांगतात. ड्युटीवर असताना त्याखाली बसायची मनाई होती, हीच त्यांची मुख्य आठवण.

आणि आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर. औंधच्या पंतप्रतिनिधींनी मॉरिस फ्रीडमन यांच्या साथीने १९३९ मध्ये कैद्यांची खुली वसाहत काढली, भिंतीशिवाय. शांतारामबापूंच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ'ची कथा गदिमांनी त्यावरूनच बेतली. आप्पांनी तो सिनेमा अनेकदा बघितलाय. त्यातला जेलर सहा खुन्यांना घेऊन एकटा माळरानावर राहतो, हे त्यांना पटतं. तो रात्री मोजणी करताना दिसत नाही, हे पटत नाही.

आप्पा अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसऱ्यांदा निवृत्त झाले. आता त्यांना दोन पेन्शनी आहेत, आणि गावात एवढंच लोकांना दिसतं. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला दोन ठिकाणी द्यावा लागतो. आधी केंद्र सरकारला पटवायचं की आपण जिवंत आहोत, मग राज्य सरकारला. एका वर्षी एकाकडे ते जिवंत होते आणि दुसऱ्याकडे नव्हते. आप्पांनी बँकेत जाऊन शांतपणे, तुरुंगातल्या आवाजात, चौकशी केली. काउंटरवरच्या मुलाला काही ऐकू आलं नाही. मग त्यांनी परेडचा आवाज काढला, आणि त्याच दुपारी ते राज्यातही जिवंत झाले.

म्हशींची तोंडं आता जिकडे हवी तिकडे असतात. वयोमानाने तेवढी ढिलाई आली आहे. भरतीची जाहिरात निघाली की आसपासची फौजी पोरं अजून विचारायला येतात. आप्पा त्यांना ना पगार सांगतात ना बढती. रजेचा अर्ज वेळेत कसा पुढे पाठवायचा ते सांगतात. पोरांना वाटतं, म्हातारा विषय टाळतोय.

तुमच्या गावातही असा एखादा मेजर असेल. भेटलात तर 'तिथे मारतात का हो?' हे विचारू नका. पहिला प्रश्न सगळे तोच विचारतात आणि त्याचं उत्तर देऊन ही माणसं कंटाळलेली आहेत. मोजणी कधी चुकली होती का, एवढं विचारा. आणि चहा दोनदा टाकायच्या तयारीनेच विचारा.